कॅन्डिडाच्या पाच प्रजाती आणि मेणकिड्याच्या अळ्या : प्रकल्पाच्या नोंदी

८ एप्रिल २०२४

विषय आज पक्का झाला. कॅन्डिडा या यीस्टच्या, म्हणजे एकपेशीय बुरशीच्या, पाच प्रजाती घ्यायच्या: अल्बिकन्स, डब्लिनिएन्सिस, ट्रॉपिकॅलिस, पॅराप्सिलोसिस आणि ग्लॅब्राटा. त्यांची रोग करण्याची ताकद एकाच मापाने मोजायची. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला एवढं काम पुरेसं आहे असं मॅडम म्हणाल्या. मला हे काम नुसतं पुरेसं नाही, फार गरजेचं वाटतं. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या भागात लघवीचा किंवा स्वॅबचा रिपोर्ट येतो त्यावर बहुतेक वेळा ‘यीस्ट सेल्स दिसल्या’ एवढंच असतं. फार झालं तर ‘कॅन्डिडा प्रजाती’. कोणती प्रजाती, हे लिहिलेलं क्वचितच दिसतं. पेशंट फ्लुकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधाची गोळी घेऊन घरी जातो. गुण आला तर ठीक, नाही तर पुन्हा तीच गोळी.

पाचही नावांपुढे कॅन्डिडा लागतं, म्हणून ही पाच एका घरची समजायची नाहीत. ग्लॅब्राटा तर पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या जास्त जवळची आहे. आता तिला नाकासिओमायसिस या वेगळ्या गणात टाकलंय. बाकीच्या चौघी एका मोठ्या कुळातल्या, ज्यात सीयूजी हा जनुकीय संकेत ल्युसीन या अमिनो आम्लाऐवजी सेरीन असा वाचला जातो. त्यातही अल्बिकन्स आणि डब्लिनिएन्सिस अगदी सख्ख्या. डब्लिनिएन्सिस ही वेगळी प्रजाती आहे हे १९९५ मध्ये डब्लिनच्या संशोधकांनी मांडलं. एचआयव्ही असलेल्या लोकांच्या तोंडातून ती मिळाली होती. त्याआधी तिला सगळे अल्बिकन्सच समजत होते.

आणि इथेच मला खरा प्रश्न दिसतो. सर्वांत जवळची बहीण सौम्य आहे आणि नात्याने दूरची ट्रॉपिकॅलिस मात्र जोरदार. असं का?

२ मे

संस्थेच्या नैतिक समितीची मंजुरी मिळाली. जवळच्या रुग्णालयाच्या लॅबमधून कल्चर मिळायला लागली आहेत. नळी घातलेल्या पेशंटची लघवी, शुगरच्या पेशंटच्या तोंडातले स्वॅब, योनिमार्गाचे स्वॅब. नावं काढून फक्त क्रमांक, वय आणि नमुना कुठला एवढीच माहिती आमच्याकडे येते. प्रत्येक प्रजातीचा एक संदर्भ स्ट्रेनही (सगळीकडे वापरला जाणारा ठरलेला वाण) हवा, म्हणजे आपली मापं दुसऱ्यांच्या मापांशी ताडून बघता येतात. पॅराप्सिलोसिससाठी अमेरिकेतल्या जंतुसंग्रहातला एटीसीसी २२०१९ ठरला, औषधांच्या चाचण्यांमध्येही तोच वापरतात.

योनिमार्गाच्या स्वॅबबद्दल थोडं लिहून ठेवते, कारण मिटिंगमध्ये कुणीतरी विचारलं की असे नमुने खेड्यातून येतात तरी का. येत नाहीत, कारण बायका सांगत नाहीत आणि कुणी विचारत नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. तो अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा काही ना काही त्रास निघाला. त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. पस्तीस वर्षं झाली. आमच्याकडे नमुना घेऊन येणारी बाई आजही आवाज खाली आणूनच बोलते.

१६ मे

उन्हाचा त्रास प्रयोगशाळेला वेगळ्या तऱ्हेने होतो. साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. ३० अंशांवर ठेवायचं म्हटलं आणि खोलीच ३८ वर असली, तर तो आकडा नुसता डायलवर राहतो. त्यामुळे कामाचं वेळापत्रक ऋतूवर बसवावं लागलं. ३७ अंश आणि त्यावरची कामं आत्ता. ३० अंशांची कामं दिवाळीच्या सुमारास. अळ्यांची कामं थंडीत (त्याचं कारण पुढे येईल).

आत्ता करता येण्यासारखी आणि स्वस्त चाचणी म्हणजे ४५ अंशांची. अल्बिकन्स ४५ अंशांवर वाढते, डब्लिनिएन्सिस वाढत नाही. दोन्ही प्लेटवर सारख्याच दिसतात आणि दोन्हींना जर्म ट्यूब येते, त्यामुळे या चाचणीचा मोठा आधार असतो. जर्म ट्यूबसाठी पेशी सीरममध्ये ३७ अंशांवर दोन-तीन तास ठेवल्या की पेशीतून बारीक नळी फुटलेली मायक्रोस्कोपखाली दिसते. पेशंटचं उरलेलं सीरम वापरायला मॅडमनी साफ मनाई केली आहे, त्यातून कावीळ-बी किंवा एचआयव्हीचा धोका असतो. अंड्याच्या पांढऱ्या बलकातही जर्म ट्यूब चांगली येते. आठवडी बाजारातली अंडी चालली.

आमच्या जर्म ट्यूब आलेल्या आयसोलेटपैकी (पेशंटच्या नमुन्यातून वेगळ्या वाढवलेल्या जंतूंपैकी) एक ४५ अंशांवर वाढलेला नाही. तोंडातला नमुना आहे. फक्त एवढ्यावर नाव ठेवायचं नाही, कारण अल्बिकन्सचेही काही स्ट्रेन इतक्या उष्णतेत कचरतात.

३ जुलै

पाऊस चांगला लागला. सोयाबीनच्या पेरण्या झाल्या, लॅबमध्ये हवेतली बुरशी वाढली. उघड्या प्लेटवर काळे-हिरवे डाग येतायत. बर्नरजवळ काम, खिडक्या बंद, पंखा बंद. घाम पुसतच स्ट्रीकिंग, म्हणजे प्लेटवर जंतू रेघांनी पसरवणं, चाललंय.

एन्झाइमच्या चाचण्या सुरू केल्या. फॉस्फोलिपेजसाठी अंड्याच्या पिवळ्या बलकाची प्लेट: साबुरो अगर (बुरशी वाढवायचं घट्ट माध्यम), त्यात मीठ, कॅल्शियम क्लोराइड आणि निर्जंतुक बलक. जंतूने बलकातले फॉस्फोलिपिड तोडले की कॉलनीभोवती पांढरं दाट वलय येतं. कॉलनीचा व्यास भागिले वलयासकट पूर्ण व्यास, हा पीझेड आकडा. १ आला तर एन्झाइम नाही, जितका कमी तितकं एन्झाइम जास्त. प्राइस आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये ही पद्धत दिली, आणि चाळीस वर्षांनंतरही खेड्यातल्या लॅबला परवडणारी हीच आहे.

प्रथिनं तोडणाऱ्या प्रोटिनेजसाठी अल्ब्युमिनची प्लेट. रक्तातल्या लाल पेशी फोडण्याची क्षमता बघायला शेळ्या-मेंढ्यांचं रक्त घातलेली, ३ टक्के ग्लुकोजची प्लेट.

२२ जुलै

प्लेटवरचं चित्र असं: अल्बिकन्सची वलयं सर्वांत ठळक. ट्रॉपिकॅलिसमध्ये आयसोलेटनुसार फार फरक, काही अल्बिकन्सच्या जवळ तर काहींना जवळपास काहीच नाही. ग्लॅब्राटा बहुतेक गप्प. पॅराप्सिलोसिस प्रोटिनेजमध्ये बरी, फॉस्फोलिपेजमध्ये कमकुवत.

हे चित्र अपेक्षेप्रमाणेच आहे, पण मला ते पुरेसं वाटत नाही. प्लेटवरचं एन्झाइम म्हणजे शरीरातला रोग नव्हे. अल्बिकन्सच्या सॅप कुटुंबात प्रोटिनेजची दहा जनुकं आहेत आणि ती कुठे, कधी चालू होतात ते आजूबाजूच्या पेशींवर ठरतं. अगरवर काय चालू झालं त्यावरून जिवंत ऊतीत काय चालू होईल हे सांगता येत नाही. मॅडमना हे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “मग जिवंत काहीतरी शोध.” उंदीर आमच्याकडे नाहीत. प्राणीगृह नाही, ती परवानगी नाही, आणि मलाही उंदरांवर करायचं नव्हतं.

९ ऑगस्ट

मेणकिडा. गॅलेरिया मेलोनेला. मधमाश्यांच्या पोळ्यातलं मेण खाणाऱ्या पतंगाची अळी.

ही अळी जंतुशास्त्रात गेली पंचवीसेक वर्षं वापरली जातेय. आयर्लंडमधल्या मेनूथच्या गटाने २००० मध्ये दाखवलं की कॅन्डिडा अल्बिकन्स या अळीला मारते. दोन वर्षांनी त्याच गटाने दाखवलं की अल्बिकन्सचे जे बदललेले स्ट्रेन उंदरात कमजोर पडतात ते अळीतही कमजोर पडतात. अळीला अँटिबॉडी नाहीत, पण तिच्या रक्तद्रवातल्या पेशी आपल्या रक्तातल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींसारखं काम करतात, जंतू गिळतात आणि मारतात. आणि ती ३७ अंशांवर जिवंत राहते. माणसाच्या अंगाचं तापमान असलेल्या जागी जंतू कसा वागतो हे तिच्यात बघता येतं, म्हणून आम्हाला ती हवी.

विकत घ्यायच्या अळ्या इथे मिळणं अवघड आणि महाग. म्हणून शेजारच्या गावातल्या मधपेट्यावाल्या काकांकडे गेले. सातेरी माश्यांच्या पेट्या आहेत त्यांच्या, संत्र्याच्या बागेच्या कडेला. मेणकिडा मागितला तर ते बघतच राहिले.

“ह्या किड्यानं माह्या पेट्याइची वाट लावली, अन् तुले तोच पाह्यजे? कायले वं पोरी?”

सगळं समजावून सांगितलं. जंतू, अळी, सुई. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “माणसाले मारनारा जंतू अळीले मारते का?”

“मारतो काका. तेच मोजायचं आहे, कोणता किती लवकर मारतो ते.”

“मंग पाहून सांगजो मले. आन् लागन तेवढ्या घेऊन जाय. पन एक बी पतंग माह्या पेट्याइकडं उडून येता कामा नये.”

माश्या सोडून गेलेल्या एका पेटीतलं जुनं काळं पोळं त्यांनी दिलं. जाळ्यांनी भरलेलं, आत अळ्या.

२० ऑगस्ट

अळ्या काचेच्या बरण्यांत ठेवल्या. प्लास्टिकच्या डब्याला त्या भोकं पाडतात, हे माहीत होतं. ही अळी पॉलिथिनची पिशवी कुरतडते यावर २०१७ मध्ये एक शोधनिबंधच आला होता. तोंडाला बारीक स्टीलची जाळी, त्यावर कापड. काकांना दिलेला शब्द आहे.

खाद्य: गव्हाचा कोंडा, मध, ग्लिसरीन, दूध पावडर, थोडं मेण. पुष्कळ ठिकाणी यात वाळवलेलं यीस्टही घालतात. आम्ही घालणार नाही. यीस्टच्या भिंतीतलं ग्लुकन अळीची प्रतिकारशक्ती आधीच जागी करतं, आणि मग नंतर टोचलेल्या कॅन्डिडाला ती जास्त तोंड देते. यीस्टचा रोग मोजायचा आणि खाद्यातून यीस्टच द्यायचं, हे मला पटत नाही.

अळ्यांचं काम थंडीत का, तेही इथे लिहिते. टोचण्याआधी अळ्या ३७ अंशांवर ठेवल्या तर त्या कॅन्डिडाला जास्त काळ तग धरतात, हे मेनूथच्याच गटाने २००८ मध्ये छापलं. ताण बसला की त्यांच्या शरीरात बचावाची प्रथिनं वाढतात. म्हणजे विदर्भातल्या मे महिन्यात खोलीत ठेवलेली अळी आणि डिसेंबरात ठेवलेली अळी ही प्रयोगाच्या दृष्टीने दोन वेगळी जनावरं. वीज गेली आणि खोली तापली की त्या आठवड्याच्या अळ्या बाद करायच्या, असा नियम करून टाकला.

६ सप्टेंबर

पोळा झाला. गावाहून परतले. पहिल्या पिढीचे पतंग निघाले, अंडी घालतायत. बाकी नोंदवण्यासारखं काही नाही.

२१ ऑक्टोबर

आज कारळ्याचं अगर केलं. या प्रकल्पातलं माझं सर्वांत आवडतं काम.

चटणीचे काळे कारळे दळायचे, पाण्यात उकळायचे, गाळायचे, त्यात थोडं ग्लुकोज, पोटॅशियम फॉस्फेट, क्रिएटिनिन आणि अगर घालायचं. लिटरला ५० ग्रॅम कारळे. जर्मनीतल्या स्टाइब यांनी हे माध्यम १९६२ मध्ये क्रिप्टोकॉकस या दुसऱ्या यीस्टसाठी काढलं होतं. क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स त्यावर तपकिरी कॉलनी देतो, कारण कारळ्यातल्या द्रव्यापासून तो मेलॅनिन बनवतो. पुढे १९९९ मध्ये दिसलं की याच माध्यमावर डब्लिनिएन्सिस खरखरीत कॉलनी आणि भरपूर क्लॅमिडोस्पोर (जाड भिंतीच्या गोल पेशी) देते, अल्बिकन्स मात्र गुळगुळीत राहते.

कारळे किराणा दुकानातूनच घ्यायचे, बियाण्याच्या दुकानातून नाही. पेरणीच्या बियाण्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं आणि त्यावर कुठलंच यीस्ट नीट वाढणार नाही.

२५ ऑक्टोबर

४५ अंशांवर न वाढलेला तो तोंडातला आयसोलेट कारळ्याच्या अगरवर खरखरीत आला. कडेला झालर. लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू या रंगात मायक्रोस्कोपखाली क्लॅमिडोस्पोरचे घोसच्या घोस. शेजारी अल्बिकन्सचा संदर्भ स्ट्रेन, गुळगुळीत, पांढरा. नागपूरच्या एका मोठ्या लॅबमध्ये मॅल्डी-टॉफवर, म्हणजे प्रथिनांवरून जंतू ओळखणाऱ्या यंत्रावर, तपासायला पाठवला.

७ नोव्हेंबर

उत्तर आलं: कॅन्डिडा डब्लिनिएन्सिस. ४५ अंश आणि किराणा दुकानातले कारळे यांनी जे सांगितलं तेच मोठ्या यंत्राने सांगितलं. मला मनापासून आनंद झाला. ही ओळख पटवायला महागडं यंत्र लागलंच असतं असं नाही, ते फक्त शिक्कामोर्तब करायला लागलं.

बाकीच्या प्रजाती रंगीत अगरवर व्यवस्थित वेगळ्या झाल्या. अल्बिकन्स हिरवी, ट्रॉपिकॅलिस पोलादी निळी, ग्लॅब्राटा गुलाबी-जांभळट, पॅराप्सिलोसिस मळकट पांढरी.

२ डिसेंबर

थंडी पडली. अळ्या सारख्या वजनाच्या निवडल्या, २०० ते ३०० मिलिग्रॅम, दुधाळ रंगाच्या, अंगावर एकही काळा ठिपका नसलेल्या. दर गटात दहा. एक गट नुसत्या मिठाच्या द्रावणाचा, एक गट काहीच न टोचलेला. टोचायची जागा म्हणजे मागचा डावा खोटा पाय, बारीक सुईने १० मायक्रोलिटर.

सगळ्यांत अवघड गोष्ट मात्र पेशी मोजण्याची. पाचही प्रजातींच्या पेशी सारख्याच संख्येने गेल्या पाहिजेत, नाही तर तुलना कशाची करतोय? अल्बिकन्स आणि ट्रॉपिकॅलिस धागे धरतात, गुच्छ करतात, आणि पेशी मोजायच्या काचेच्या चेंबरमध्ये एक दिसणारा ठिपका प्रत्यक्षात चार पेशी असू शकतो. ग्लॅब्राटाची पेशी बाकीच्यांपेक्षा बारीक. म्हणून रात्रभराचं कल्चर ३० अंशांवर, जिथे धागे कमी धरतात (आता खोली साथ देतेय). तीनदा धुणं, मग न्यूबॉअर चेंबर, आणि त्याच द्रावणाची प्लेटवर फेरमोजणी. चेंबर आणि प्लेट जुळले नाहीत तर त्या दिवसाचं टोचणं बाद.

डोस अळीमागे एक लाखापासून दहा लाख पेशींपर्यंत तीन पायऱ्यांत.

शिवाय दर प्रजातीचे निदान तीन-चार आयसोलेट. गावातल्या एका माणसाशी भांडण झालं म्हणून अख्खं गाव भांडखोर ठरत नाही. एका स्ट्रेनवरून प्रजातीचा स्वभाव लिहिणंही तसंच.

५ डिसेंबर

अल्बिकन्सच्या मोठ्या डोसचा गट पहिल्याच दिवशी काळवंडायला लागला. आधी टोचलेल्या जागी ठिपका, मग पाठीवर पट्टा, मग सगळी अळी करडी-काळी. हे मेलॅनिन म्हणजे अळीचा बचाव. जंतूला ती मेलॅनिनच्या आवरणात कोंडायला बघते. स्पर्श केला तरी हलली नाही की मेलेली धरायची. द्रावणाचा गट मजेत आहे.

मेलेल्या अळ्या आधी फ्रीजरमध्ये, मग ऑटोक्लेव्ह. त्या किडे आहेत म्हणून काळजी कमी घ्यायची असं नाही.

१९ डिसेंबर

पुन्हा पुन्हा टोचून क्रम तोच येतोय. अल्बिकन्स पुढे. ट्रॉपिकॅलिस तिच्या पाठोपाठ, आणि लघवीतून आलेला ट्रॉपिकॅलिसचा एक आयसोलेट अल्बिकन्सच्या काही आयसोलेटना मागे टाकतो. डब्लिनिएन्सिस बरीच मागे. पॅराप्सिलोसिस आणि ग्लॅब्राटा यांच्या गटांत सर्वांत मोठ्या डोसलाही बऱ्याच अळ्या शेवटपर्यंत जिवंत.

गंमत अशी की ट्रॉपिकॅलिसचा हाच जोरदार आयसोलेट बलकाच्या प्लेटवर अगदी फिका होता. जुलैत जी शंका घेतली होती ती इथे उघड दिसतेय. एन्झाइमच्या प्लेटवरून अळीतला निकाल सांगता आला नसता.

मेलेल्या अळ्यांमधून काढलेला थेंब मायक्रोस्कोपखाली बघितला. अल्बिकन्समध्ये लांब धागे, ऊतीत घुसलेले. ट्रॉपिकॅलिसमध्ये धागे आणि गोल पेशी दोन्ही. डब्लिनिएन्सिसमध्ये बहुतेक गोल पेशी, धागे मोजकेच. ग्लॅब्राटामध्ये धागे नाहीतच.

४ जानेवारी २०२५

सख्खी बहीण सौम्य का, याचं बरंचसं उत्तर २००९ मध्ये आलेल्या जनुकसंचाच्या तुलनेत आहे. अल्बिकन्स आणि डब्लिनिएन्सिस यांची बहुतेक जनुकं ऐंशी टक्क्यांहून जास्त जुळतात. पण डब्लिनिएन्सिसकडे एएलएस-३ नाही, म्हणजे धाग्यावर बसून माणसाच्या पेशीला चिकटणारं आणि आत शिरायला मदत करणारं प्रथिन नाही. सॅप-५ नाही. टीएलओ या नियंत्रक जनुकांच्या अल्बिकन्सकडे डझनाहून जास्त प्रती आहेत, डब्लिनिएन्सिसकडे फक्त दोन. आणि ती धागा धरायलाच मागेपुढे बघते. पोषण भरपूर असलेल्या माध्यमात गोल पेशीच राहते, उपाशी ठेवून सीरम दिलं तरच नीट धागे काढते.

धाग्याला इतकं महत्त्व का, ते २०१६ नंतर जास्त स्पष्ट झालं. धागा धरल्यावर अल्बिकन्स ईसीई-१ जनुकातून कॅन्डिडालायसिन नावाचं ३१ अमिनो आम्लांचं विष बनवते. ते पेशीच्या पडद्याला भोक पाडतं. या जनुकाची भावंडं डब्लिनिएन्सिस आणि ट्रॉपिकॅलिसकडेही आहेत. पण विषाची कृती हाताशी असून धागाच धरला नाही तर ती चूल पेटत नाही. माझ्या मते डब्लिनिएन्सिसची गोष्ट मुख्यतः हीच आहे: तिच्याकडे काही हत्यारं नाहीत हे खरं, पण जी आहेत ती बाहेर काढायची वेळही ती क्वचितच आणते.

अल्बिकन्सने ही हत्यारं माणसाला मारण्यासाठी जमवली असं वाचायला मिळतं. मला ते पटत नाही. ती निम्म्याअधिक निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यात मुकाट्याने राहते. चिकटून राहणं, जागा टिकवणं, बॅक्टेरियांच्या गर्दीत तगणं याला जे उपयोगी पडतं तेच यजमान दुबळा झाला की रोग करतं.

११ जानेवारी

काकांकडे गेले होते, निकाल सांगायला. कोणता जंतू पुढे, कोणता मागे, सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, “मंग मागचे जंतू गरीब म्हनायचे?”

मी ‘हो’ म्हणायच्या बेतात होते. पण हो म्हणता येत नाही, आणि का येत नाही हे घरी येऊन लिहायला बसले तर या प्रकल्पातली मुख्य गोष्ट तीच निघाली.

पॅराप्सिलोसिस अळीत सौम्य. पण नवजात अतिदक्षता विभागात, शिरेतून पोषण चालू असलेल्या, दीड किलोच्या बाळाच्या रक्तात ती सापडते. ती आरोग्य कर्मचाऱ्यांच्या हातांवर राहते, नळीच्या प्लास्टिकवर थर धरते, ग्लुकोज आणि स्निग्ध द्रावण तिला मानवतं. तिला ऊतीत घुसायची गरजच नाही, आपण तिला नळीतून थेट रक्तात नेऊन सोडतो.

ग्लॅब्राटा अळीत जवळपास निरुपद्रवी. पण ती आपल्या भक्षक पेशींच्या पोटात जाऊन तिथेच जगते आणि वाढते. धागे नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणून अळी काळवंडत नाही. शुगरच्या आणि वयस्क पेशंटमध्ये ती पुन्हा पुन्हा येते आणि फ्लुकोनॅझोलला सहज दाद देत नाही. आम्ही मोजलं ते जंतूचं बळ. पेशंटच्या वाट्याला येतं ते जंतूचं बळ, पेशंटचा दुबळेपणा आणि औषधाचा निरुपयोग, हे तिन्ही एकत्र.

ट्रॉपिकॅलिसच्या बाबतीत मात्र अळी आणि दवाखाना दोघंही एकच सांगतात. डॉ. अरुणालोक चक्रबर्ती आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या २७ अतिदक्षता विभागांमधले रक्तातल्या कॅन्डिडाचे १४०० रुग्ण अभ्यासले, २०१५ मध्ये ते छापून आलं. त्यात पहिला क्रमांक अल्बिकन्सचा नव्हता, ट्रॉपिकॅलिसचा होता: ४१.६ टक्के. युरोप-अमेरिकेतली पुस्तकं वाचून आपण अल्बिकन्सवर डोळे लावून बसतो. आपल्याकडे डोळे ट्रॉपिकॅलिसवरही हवेत.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये घातक बुरशींची यादी काढली, तिच्यातही हा विचार दिसतो. कॅन्डिडांपैकी वरच्या गटात अल्बिकन्स आणि ऑरिस ही आणखी एक प्रजाती, दुसऱ्या गटात ग्लॅब्राटा, ट्रॉपिकॅलिस, पॅराप्सिलोसिस. नुसत्या विखारावर यादी लावली असती तर ग्लॅब्राटाला ती जागा मिळाली नसती. औषध चालतं का, मृत्यू किती, निदान जमतं का, हे सगळं त्यात धरलंय.

काकांना पुढच्या भेटीत हे सांगायचं आहे. प्रश्न त्यांनी विचारला, उत्तर त्यांना मिळालं पाहिजे.

२७ जानेवारी

बायोफिल्मचं, म्हणजे जंतू पृष्ठभागावर धरतात त्या चिकट थराचं काम. कॅथेटरचे निर्जंतुक तुकडे, त्यावर पाचही प्रजाती, साधं माध्यम आणि ८ टक्के ग्लुकोजचं माध्यम. क्रिस्टल व्हायोलेटने रंगवून जांभळा थर बघायचा. ग्लुकोज जास्त असताना ट्रॉपिकॅलिस आणि पॅराप्सिलोसिस यांचा थर डोळ्यांनाही जाड दिसतो. अळीत शेवटच्या रांगेत असलेली पॅराप्सिलोसिस इथे पुढच्या रांगेत आली.

आकडेवारीचं काम मॅडमसोबत चालू आहे. जगण्याचे कॅप्लन-मायर आलेख आणि लॉग-रँक चाचणी. आलेख बघायला सुरेख आहेत, पण त्यांच्या शेजारी हा बायोफिल्मचा तक्ता छापल्याशिवाय मी प्रबंध देणार नाही, हे मॅडमना सांगितलंय. त्या हो म्हणाल्या.

१८ फेब्रुवारी

ज्या लॅबने आयसोलेट दिले त्यांच्याकडे आज बसलो. निकाल दाखवले, आणि मग मुद्द्यावर आले: रिपोर्टवर प्रजातीचं नाव लिहायला सुरुवात करूया.

तिथले टेक्निशियन दादा म्हणाले की रंगीत अगर महाग पडतं, नमुने थोडे, उघडलेला डबा संपत नाही. खरं आहे. म्हणून आम्ही पायऱ्या लावून दिल्या. रक्त, नवजात बाळ, नळीचा पेशंट आणि पुन्हा पुन्हा येणारा योनिमार्गाचा त्रास, एवढ्यांनाच रंगीत अगर. बाकीच्यांना आधी जर्म ट्यूब, अंड्याच्या पांढऱ्या बलकात. ती आली तर ४५ अंशांची प्लेट आणि कारळ्याचं अगर. नाही आली तर मक्याच्या पिठाच्या अगरवर धाग्यांची ठेवण आणि साखरांच्या चाचण्या. तरीही नाव नाही पटलं तर नमुना पुढे पाठवायचा, ‘कॅन्डिडा प्रजाती’ लिहून फाइल बंद करायची नाही. आमच्या पाचांबाहेरची कॅन्डिडा क्रुसी निघाली तर रिपोर्टवर ठळक लिहायचं की फ्लुकोनॅझोल चालत नाही, तिच्यात तो प्रतिकार जन्मजात असतो. ग्लॅब्राटा निघाली तर औषधाची चाचणी करूनच गोळी.

दादांनी विचारलं, विखाराचा क्रमही रिपोर्टवर द्यायचा का? नको. अल्बिकन्स जोरदार आणि ग्लॅब्राटा सौम्य असं छापलं तर कुणीतरी ग्लॅब्राटाच्या पेशंटला बिनधास्त घरी पाठवेल.

कारळ्याच्या अगरची कृती, प्रमाणासकट, मराठीत टाइप करून त्यांच्या भिंतीवर लावली आहे. खाली ओळ: कारळे किराणा दुकानातून आणावेत, पेरणीचे नाहीत.

३ मार्च

प्रबंध जमा केला. अळ्यांच्या बरण्या द्वितीय सत्राच्या दोन मुलींनी घ्यायचं ठरवलंय. त्यांना पुढचा प्रश्न दिला आहे: अळीला आधी जास्त ग्लुकोज देऊन मग ग्लॅब्राटा टोचली तर क्रम बदलतो का. उन्हाळा येतोय, तोवर त्यांनी फक्त पिढ्या चालू ठेवायच्या, टोचणं नोव्हेंबरात. जाळ्या रोज तपासायच्या. काकांच्या पेट्या जवळच आहेत.